लोकर अजून पोत्यातच

६ मार्च

लोकर आली. मेंढपाळ दोन पोती दारात टाकून गेला, चहालाही थांबला नाही. यंदा मी त्याला लोकर सांगितलीच नव्हती. पण बावीस वर्षांत नको असंही कधी कळवलं नाही, म्हणून तो आपला घेऊन आला. त्याची काही चूक नाही. पोती मागच्या खोलीत ह्यांच्या जुन्या सायकलीशेजारी ढकलली. घरभर मेंढीचा वास सुटला आहे. हे नाकाला रुमाल लावून म्हणाले, पाहुणे किती दिवस राहणार? मी म्हटलं, बघू.

नमदा, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, करायचा तो याच दिवसांत. हवा कोरडी, ऊन कडक, तीन दिवसांत वाळून खडखडीत होतो. मे अर्धा सरला की हवा दमट होते, मग जाड नमदा आतून ओला राहतो आणि असा कुबट वास धरतो की तो वास नमद्याबरोबरच संपतो. म्हणजे हाताशी दोन महिने आहेत. भरपूर झाले.

९ मार्च

वाचनालयाच्या बाईंचा फोन. मुलांच्या कोपऱ्यात आणखी एक नमदा हवा, आहे त्यावर पोरं मावत नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, मे महिन्यात देते. दरवर्षी तोंडातून 'देऊ' निघायचं.

काय झालं होतं ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे मनात घोळवत बसायला नको. नमद्याला माग लागत नाही, सुई लागत नाही. पिंजलेली लोकर काड्यांच्या चटईवर थराथराने पसरायची, एक थर उभा, एक आडवा. वर साबणाचं गरम पाणी शिंपडायचं, चटईसकट दांड्याभोवती गुंडाळायचं, दोरीने आवळायचं आणि लाटायचं. शंभर वेळा लाटलं की उलगडायचं, फिरवायचं, पुन्हा शंभर. लोकर आपली आपणच एकमेकींत गुंतत जाते, आटत जाते आणि संध्याकाळपर्यंत तिचं जाड कापड होतं. हे सारं आम्ही एका फाटक्या पुस्तिकेतली चित्रं बघून शिकलो, कारण मजकूर परक्या भाषेतला होता. आम्ही म्हणजे मी आणि धाकटी. माझ्या दिराची बायको. ती वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या.

गुंडाळी मोठी असते, एकटीच्या आवाक्यातली नव्हे. दोघी शेजारी शेजारी बसतो, डावा अर्धा भाग माझा, उजवा तिचा, आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकून लाटतो. दोघींचा जोर सारखा हवा. नाहीतर एक बाजू आटते आणि दुसरी लांब राहते. बावीस वर्षं सारखा पडला. लोक विचारायचे, जावा-जावांचं इतकं कसं पटतं? धाकटी म्हणायची, आमची तोंडं मोजण्यात गुंतलेली असतात, भांडायला वेळ कुठे.

मागच्या वर्षी वाचनालयात नमदा अंथरला आणि तो भिंतीशी तिरका बसला. एक बाजू चांगली चार बोटं लांब. पुन्हा भिजवून तेवढीच बाजू लाटली असती तर सुधारला असता. पण बाई बघत होत्या, मुलांना सोडायला आलेल्या दोन-तीन आया बघत होत्या, आणि मला लाज वाटली. मी म्हटलं, ही धाकटीकडची बाजू, यंदा तिचं मनच नव्हतं कामात. धाकटीने चपला घातल्या आणि निघून गेली.

तेव्हापासून आमचा अबोला आहे असं नाही. पाणी आलं का, दूधवाला आला का, सगळं बोलतो. लोकरीचा विषय तेवढा कोणी काढत नाही. आणि पूर्वी 'ताई' म्हणायची ती आता मला 'जाऊबाई' म्हणते, जशी काही आमची ओळख कालच करून दिली आहे.

१४ मार्च

आज सुरुवात करणार होते. साबण किसून ठेवला. मग वाटलं, आधी पोती झटकायला हवीत. पोती झटकायची तर खोलीत जागा हवी. जागा करायची तर सायकल बाहेर काढायला हवी, आणि सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा नाही. तेव्हा झोपले.

१७ मार्च

रोज दुपारी तीनच्या सुमारास वरून आवाज येतो. थप, थप, थप. मग काहीतरी घरंगळल्यासारखं. थोडा वेळ शांत, पुन्हा थप थप. माझी जरा आडवं व्हायची वेळ हीच, हे तिला पक्कं ठाऊक आहे. हे म्हणाले, काहीतरी कुटत असेल. भर दुपारी रोज कुटण्यासारखं काय असतं एखादीकडे? रागच असणार.

२३ मार्च

ह्यांची नवी पँट आखूड करायला वर पाठवली होती. जशीच्या तशी परत आली, वर चिठ्ठी. सध्या शिवण घेत नाही, डोळ्यांना त्रास होतो. अक्षर बघवत नाही. शब्द एकमेकांवर चढलेले, ओळ उतारावरून घसरत गेलेली. चाळीस वर्षं टाके मोजून घालणारी बाई ही. माझ्यासाठी दीड ओळ नीट लिहायचाही तिला कंटाळा आला. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर परवाच माझ्या पिशवीतून रस्त्यात पडलेलं लिंबू तिला वरच्या खिडकीतून दिसलं होतं.

पँट मीच दुमडून शिवली. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला. हे म्हणाले, चालेल, मी तिरका उभा राहीन.

२ एप्रिल

ह्यांना आज पंचाहत्तर पूर्ण. दोघं वरून आली. मी केक केला होता. मधून बसला, पण चव बरी होती.

चहा ओतायला धाकटीच उठली, जुन्या सवयीने. प्रत्येक कप अर्धाच भरला. पूर्वी तिचा कप काठोकाठ असायचा, बशीत सांडल्याशिवाय तिला समाधान नसायचं. रागावलेल्या माणसाचा हात चहातही आखडतो. बाकी सगळा वेळ उजवा हात स्वेटरच्या खिशात. एवढ्या उकाड्यात स्वेटर. माझ्या घरात येऊन तिला थंडी वाजते, दुसरं काय. भाऊजींनी तिचा केक कापून बारीक तुकडे करून तिच्या पुढ्यात ठेवले. या वयातले हे लाड बघून मला हसूच आलं.

जाताना भाऊजी दारात घुटमळले. म्हणाले, वहिनी, यंदा नमदा राहू दे की. कोणाचा निरोप हा, मी विचारलं. म्हणाले, कोणाचा नाही, माझंच आपलं. या माणसाला चाळीस वर्षांत स्वतःचं मत झालेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं, जिला काही सांगायचं असेल तिने जिना उतरून यावं. ते काहीतरी बोलणार होते, मग चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

९ एप्रिल

उद्या नक्की.

१० एप्रिल

नाही.

१२ एप्रिल

कसर लागली. आज एकदाचं पहिलं पोतं उघडलं तर वरचा सगळा थर चाळणी झालेला. हातात घेतला की भुगा. पांढऱ्या अळ्या, बारीक पिवळट पाखरं. पोतं उन्हात उपडं करून झटकलं, हे नाकाला रुमाल बांधून मदतीला आले. ते पोतं जवळजवळ सगळं टाकावं लागलं. दुसऱ्यातलं बरंच वाचलं, एका नमद्यापुरतं. आणखी दहा-पंधरा दिवस असंच ठेवलं तर तेही जाईल.

महिना झाला लोकर घरात येऊन. साबण, सायकल, गुडघे, पाहुणे, कधी ढग, कधी फार ऊन. इतकी कारणं मी पोस्टात नोकरीला असताना रजेसाठीसुद्धा दिली नव्हती. खरं कारण लिहायला हात धजत नाही, पण ही वही माझीच आहे. मला तिच्याशिवाय बसायचं नाही. आणि तिने आधी यावं असं वाटतं.

१३ एप्रिल

तिच्याशिवाय होतं का ते तरी बघू म्हणून ह्यांना बसवलं. छोटाच तुकडा, पायपुसण्याएवढा. ह्यांनी जो जोर लावला, जणू गुंडाळीने ह्यांची पेन्शन अडवली होती. शिवाय मोजणी. एकोणपन्नासनंतर थेट साठ. मी टोकलं तर म्हणाले, मधले मी मनात मोजले.

उलगडून बघते तर ह्यांच्याकडची बाजू आटून घट्ट झालेली, माझ्याकडची लांब लोंबते आहे. अगदी मागच्या वर्षीसारखी. फक्त या खेपेस लांब बाजू माझी.

माझं मन नव्हतं का कामात? उलट जीव ओतला होता मी. ह्यांच्या मानाने मनगटात जोर कमी पडला, इतकंच.

तुकडा वाळत टाकला आहे. डोक्यात काहीतरी टोचतं आहे, पण काय ते हाताला लागत नाही.

१९ एप्रिल

मोठा दांडा आणि चटई वर तिच्याकडे असतात, माळ्यावर. आज ठरवलं, न बोलता वर जायचं, भाऊजींकडून दांडा उतरवून घ्यायचा, न बोलता खाली यायचं. तीन वाजले होते. थप थप चालूच होतं. दार नुसतं लोटलेलं.

धाकटी जमिनीवर बसली होती. समोर फळी, फळीवर एका काठीभोवती गुंडाळलेला टॉवेल, दोरीने बांधलेला. दोन्ही हात त्यावर टेकलेले. डावा हात पुढे जायचा आणि उजवा मागेच राहायचा, थरथरत. गुंडाळी तिरकी व्हायची आणि फळीवरून घरंगळायची. ती उचलायची, आपटून सरळ करायची, पुन्हा हात ठेवायची. तीसेक वेळा तरी बघितलं असेन मी, दारात उभी राहून.

मला बघितल्यावर तिने हात खिशात घालायची धडपड केली. हाताला खिसा सापडेना. मी जाऊन शेजारी बसले, माझ्या नेहमीच्या बाजूला.

मग तिने सांगितलं, तुटक तुटक, टॉवेलकडे बघत. दोन वर्षं झाली. आधी सुईत दोरा जाईना. मग पेन धरवेना. डॉक्टर म्हणतात हे वाढत जाणार, किती आणि कधी ते त्यांनाही सांगता येत नाही. गोळ्या चालू आहेत. भाऊजींना तिने शपथ घातली होती. थंडीभर रोज असा सराव केला, म्हणजे हंगाम येईतो हात ताळ्यावर येईल. आला नाही. मग ती खिडकीत बसून बघायची, खाली अंगणात लोकरीसाठी ताडपत्री अंथरली का. नाही अंथरली की म्हणायची, चला, आजचा दिवस गेला. मी खाली तिच्यावर रुसून दिवस ढकलत होते, आणि वर ती माझ्या आळसावर जगत होती.

मी म्हटलं, "वाचनालयात सगळ्यांसमोर मी म्हटलं तुझं मन नव्हतं. आणि तू ते ऐकून घेतलंस?"

"मला बरं वाटलं ते."

"बरं?"

"मन नाही म्हटलं की माणसं भांडतात. हात नाही म्हटलं की हळहळतात. तुम्ही माझ्यावर चिडला होतात ना, तोवर मी धडधाकट होते, ताई."

माझे डोळे भरून आले. तिने लगेच बोट रोखलं, डाव्या हाताचं. "हे. हेच नको होतं मला."

म्हणून तिच्यासमोर रडले नाही. दांडा न घेताच उठले. जिन्यात रडले, मधल्या वळणावर, आणि तोंड पुसूनच खाली आले. हे म्हणाले, दांडा कुठे आहे? मी म्हटलं, मिळेल.

२० एप्रिल

अर्धे कप. चिठ्ठी. स्वेटर. केकचे तुकडे. सगळं मीच माझ्या हाताने या वहीत लिहिलं आहे. मागची पानं वाचवत नाहीत.

२१ एप्रिल

वाचनालयात गेले. बाईंना म्हटलं, मागच्या वर्षी धाकटीबद्दल बोलले ते चुकीचं होतं, त्यात तिचा काही दोष नव्हता. हाताबद्दल अक्षर काढलं नाही. बाई गोंधळून म्हणाल्या, काय बोलला होतात तुम्ही? त्यांच्या लक्षातही नव्हतं. कोपऱ्यात दोन पोरं त्याच नमद्यावर पालथी पडून वाचत होती. तिरकं बिरकं त्यांच्या गावीही नव्हतं.

वर्षभर आम्ही दोघी जे उरावर घेऊन फिरलो ते बाकी कोणी दहा मिनिटंसुद्धा जवळ ठेवलं नव्हतं. म्हणून ते हलकं झालं असं नाही. वर जाऊन तिला सांगितलं. म्हणाली, कशाला गेलात उन्हात. मग थोड्या वेळाने म्हणाली, बरं केलंत.

मी विचारलं, लोकर काढू का? म्हणाली, माझ्याच्याने होणार नाही. मी म्हटलं, ते मी विचारलं नाही.

२४ एप्रिल

सकाळी आठला ती खाली आली. तिच्यामागे भाऊजी, खांद्यावर दांडा, काखेत चटई, चेहऱ्यावर परीक्षा सुटल्याचा आनंद. मागच्या अंगणात टेबल मांडलं, लोकर पसरली. तिने डाव्या हाताने थर लावले. सावकाश, माझे तीन होईतो तिचा एक. पण पातळ आणि सारखे, धुक्यासारखे. माझ्या थरांकडे बघून म्हणाली, हे काय, गादी भरता आहात की काय. माझा पूर्ण थर उचलायला लावला. वर्षभर असं कोणी बोललं नव्हतं मला.

थरांतच दुपार झाली. पाणी शिंपडलं, गुंडाळलं, आवळलं. आणि मग लाटायला बसलो तर व्हायचं तेच झालं. पाच-सहा वेळात गुंडाळी तिरकी झाली. सरळ केली, पुन्हा तिरकी. ती उजव्या हातावर डावा दाबून धरून लाटायला लागली, ओठ आवळून. मी म्हटलं, थांब. ती थांबेना. मी माझा जोर कमी केला, तर तिला लगेच कळलं. म्हणाली, मला फसवू नका, मऊ नमदा कोणाला हवा आहे?

आमचं असं चाललेलं असताना ओली गुंडाळी टेबलावरून सटकली आणि धपकन फरशीवर पडली. उताराने थेट नाल्याकडे निघाली. मी घाईत पाय टाकून अडवली. धाकटीने दुसरं टोक अडवलं, तिनेही पायानेच. क्षणभर दोघी तशाच उभ्या, गुंडाळीवर एकेक पाय ठेवून, शिकारीचा फोटो काढून घेणाऱ्या माणसांसारख्या.

तिने पायाने गुंडाळी जरा पुढे ढकलली, मग मागे ओढली. सरळ गेली, सरळ आली. माझ्याकडे बघितलं.

बाक आणलं. दोघी शेजारी बसलो, पायातलं काढून. हातांनी बाकाची कड धरली आणि लागलो पायांनी लाटायला. पहिले शंभर तिने मोजले. माझे गुडघे कुरकुरत होते ते वेगळेच मोजत होते. हे खिडकीतून म्हणाले, सायकलच चालवायची होती तर हवा भरून दिली असती. भाऊजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

सहाशे झाले. आज तशीच गुंडाळून ठेवली आहे, ओल्या कापडात. अंग असं दुखतं आहे की पेन जड वाटतं.

२५ एप्रिल

पुन्हा बसलो. चारशे. मध्ये पाणी दोनदा गरम केलं. तिसऱ्या शंभरीत ती मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, "हे पायात उतरलं तर?"

नाही उतरणार म्हणणं सोपं होतं, पण डॉक्टरना जे कळत नाही ते मला कसं कळणार. मी म्हटलं, "माहीत नाही. पुढच्या तपासणीला मी येऊ का बरोबर?"

"तुम्ही तिथे रडाल."

"रडेन की. डॉक्टरसमोर रडेन, तुझ्यासमोर नाही."

तिने थोडा विचार केला. म्हणाली, मंगळवारी अकराला आहे. मग विचारलं, कितीवर होतो आपण? दोघींनाही आठवेना. पुन्हा एकपासून सुरुवात केली.

२६ एप्रिल

दुपारी उलगडला. लोकरीने कापड धरलं होतं, चिमटीत पकडून बघितलं, एक धागा सुटेना. राखाडी, त्यात मधूनच तांबूस झाक. हे टेप घेऊन आले. मी डोळ्यांनी ह्यांना खुणावत होते की नका, राहू द्या. न मोजता असाच वाळत टाकू, वाचनालयातल्या पोरांना कुठे काय कळतं. धाकटीने ते बघितलं.

"मोजा," ती मला म्हणाली. "तुम्हीच मोजा. आणि खरं सांगा."

मी टेप घेतली. माझी बाजू मोजली. तिची मोजली. परत एकदा मोजली, जरा ताणून, जरा सैल सोडून. गुडघ्यांवर बसले होते, वर बघायचं धाडस होईना. भाऊजी आभाळाकडे बघत उभे होते. नेमकं तेच वाक्य पुन्हा म्हणायचं माझ्या वाट्याला आलं होतं. एवढंच की आज ऐकणारी ते मागत होती.

"दोन बोटं लांब आहे," मी म्हटलं. "तुझ्याकडची."

"माझं वजन कमी म्हणून, की पायातही उतरलं म्हणून?"

"ते मला नाही सांगता येणार."

तिने मान हलवली. चेहरा उतरला नाही. वाकून डाव्या हाताने तिच्या बाजूची कड चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्वी शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी चाचपायची तशी.

"अजून ओला आहे," ती म्हणाली. "ही बाजू आत घेऊन गुंडाळा. दोन बोटांसाठी दीडशे पुरतील."

मी म्हटलं, दोनशे लागतील. ती म्हणाली, तुमचे थर जाड होते म्हणून. त्यावर आमची चांगली जुंपली. ह्यांनी मधे पडायचा प्रयत्न केला, त्यांना दोघींनी मिळून गप्प बसवलं.

मग मी आत गेले आणि पाणी पुन्हा तापत ठेवलं.